आधी सांगा, कोणाला काय माहितीये?

सायकॉलॉजी शिकणारे, शिकवणारे, कधीकधी अगदी अनोळखी लोकही मला त्यांच्या प्रयोगाचा प्लॅन पाठवतात, "जरा नजर टाक ना" म्हणून. मी हायपोथेसिस, म्हणजे प्रयोगात काय दिसेल याचा आधी बांधलेला अंदाज, सगळ्यात शेवटी वाचते. स्टॅटिस्टिक्सकडे तर सुरुवातीला बघतसुद्धा नाही. मी एकच गोष्ट शोधत बसते, की या सगळ्या प्रकारात कुठल्या माणसाला कुठल्या क्षणी काय माहीत असणार आहे. भाग घ्यायला आलेल्याला काय माहितीये, सूचना वाचून दाखवणाऱ्याला काय माहितीये, स्टॉपवॉच धरून उभा आहे त्याला काय, कोण कुठल्या गटात जाणार हे ठरवणाऱ्याला काय, आणि महिन्याभराने कॉम्प्युटरसमोर बसून डेटा चाळणाऱ्याला काय. एवढं नीट लिहिलेलं असेल तर बाकीचं बहुतेक वेळा सुधारता येतं, आणि हेच लिहिलेलं नसेल तर बाकी कितीही झकास असो, पुढे वाचायचा उत्साहच राहत नाही.

अभ्यासक्रमात हे असं एकत्र येत नाही, हीच माझी तक्रार आहे. तिथे एक्सपेरिमेंटर बायस (प्रयोग घेणाऱ्याच्या अपेक्षेने निकाल झुकणं) एका धड्यात, डिमांड कॅरॅक्टरिस्टिक्स (आपल्याकडून काय हवंय हे भाग घेणाऱ्याला कळणं) दुसऱ्या धड्यात, रँडम असाइनमेंट (चिठ्ठ्या टाकून गट ठरवणं) तिसऱ्या, आणि पी-हॅकिंग (हवा तो निकाल येईपर्यंत डेटा चाळणं) असेल तर असेल कुठेतरी शेवटी, परीक्षेला येत नाही म्हणून वगळलेलं. पोरं प्रत्येकाची व्याख्या पाठ करतात, दोन-दोन उदाहरणं लिहितात आणि विसरून जातात. मला विचाराल तर हे सगळे एकाच घरचे आहेत. जी माहिती ज्याच्याकडे पोचायला नको ती त्याच्याकडे पोचली, बास, एवढंच प्रत्येक वेळी घडलेलं असतं. लोखंडाची सळई तापवली तर आपण किती लांब व्हायचं याचा अंदाज सळई बांधत नाही, माणूस मात्र खोलीत पाऊल टाकल्यापासून अंदाज बांधायला लागतो, आणि त्याच्यासमोर बसलेला संशोधकही माणूसच असतो, तोही बांधतो.

सुरुवात घोड्यापासून करते, कारण ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते पण अर्धीच. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणित शिक्षक होते, त्यांचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. उत्तर किती ते खूर आपटून सांगायचा. बेरीज, अपूर्णांक, आज तारीख काय, सगळं. लोकांनी गर्दी केली, आणि १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुंफ यांच्या पुढाकाराने एक समितीच बसली चौकशीला. समितीने निर्वाळा दिला की यात कुठलीही चलाखी नाही. आता गंमत बघा, समितीचं म्हणणं बरोबर होतं! फॉन ओस्टेन खरोखर लबाड नव्हते. समितीने लबाडी शोधली, ती नव्हती, म्हणून ती सापडली नाही. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला होता.

मग श्टुंफ यांचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट याने काम हातात घेतलं आणि त्याने लबाडीचा विचार बाजूला ठेवून फक्त माहितीचा माग काढला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत असेल तर काय होतं आणि नसेल तर काय होतं? आकड्यांची कार्डं घ्यायची, एकदा विचारणाऱ्याने ती बघून घोड्याला दाखवायची, एकदा स्वतः न बघता दाखवायची. त्याहून भारी म्हणजे बेरजेचा प्रयोग. फॉन ओस्टेन घोड्याच्या कानात एक आकडा सांगणार, मग फुंग्स्ट दुसरा आकडा सांगणार, म्हणजे बेरीज किती हे त्या जागेवर घोडा सोडून कोणालाच माहीत नाही. आणि तिथे हान्सचं सगळं ज्ञान संपलं. डोळ्यांना झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला तेव्हाही तेच. शेवटी कळलं ते असं, की प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे झुकतो खुरांकडे बघायला, आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं अगदी जरासं वर होतं, घोडा तेवढं बघून थांबायचा. फुंग्स्टने मग प्रयोगशाळेत स्वतः घोड्याची भूमिका केली, लोक मनात आकडा धरायचे आणि हा टेबलावर टकटक करत त्यांच्या डोक्याची हालचाल बघून थांबायचा, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते जमायचं. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे सगळं कळल्यानंतरही फुंग्स्टला स्वतःच्या डोक्याची ती हालचाल पूर्ण थांबवता येईना. "मी काळजीपूर्वक वागेन, कुठलाही इशारा देणार नाही" असं जेव्हा कोणी त्यांच्या प्लॅनमध्ये लिहितात ना, तेव्हा मला हे वाक्य त्यांच्या भिंतीवर चिकटवावंसं वाटतं. काळजी घेऊन होत नाही हो ते. माहीतच नसणं हाच एक उपाय.

रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांनी १९६३ मध्ये हेच उंदरांवर केलं, म्हणजे खरं तर विद्यार्थ्यांवर केलं. काही विद्यार्थ्यांना सांगितलं की तुमचे उंदीर भुलभुलैयात हुशार अशा वाणाचे आहेत, बाकीच्यांना सांगितलं की तुमचे मठ्ठ आहेत. उंदीर सगळे सारखेच होते. "हुशार" उंदीर चांगले शिकले.

इथपर्यंत सगळे मान डोलावतात. जुन्या गोष्टी आहेत, आता कोण असं करतं वगैरे. म्हणून मी मुद्दाम हल्लीचं उदाहरण देते. १९९६ मध्ये जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला जो पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. विद्यार्थ्यांना विस्कळीत शब्दांतून वाक्यं बनवायला दिली, एका गटाच्या शब्दांत म्हातारपणाशी जोडलेले शब्द पेरलेले. काम झाल्यावर विद्यार्थी कॉरिडॉरमधून निघाले तेव्हा ते अंतर चालायला त्यांना किती वेळ लागतो हे गुपचूप मोजलं, आणि म्हातारपणाचे शब्द वाचलेले विद्यार्थी हळू चालले. मग २०१२ मध्ये ब्रसेल्समध्ये स्टेफान द्वायाँ आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा केला, १२० जण घेतले, आणि स्टॉपवॉचच्या ऐवजी इन्फ्रारेड सेन्सर लावले. दोन्ही गटांच्या चालण्यात काही फरक सापडला नाही. इथे बहुतेक लोक थांबले असते, "रेप्लिकेट झालं नाही", म्हणजे पुन्हा केल्यावर तोच निकाल आला नाही, म्हणून पेपर टाकला असता आणि भांडण सुरू. पण यांनी दुसरा प्रयोग केला, ज्यात प्रयोग घेणाऱ्यांनाच दोन भागांत विभागलं. काहींना सांगितलं की शब्द वाचलेले लोक हळू चालतील, काहींना सांगितलं की भरभर चालतील. आणि ज्यांच्या मनात "हळू चालणार" भरवलेलं होतं त्यांच्याकडे आलेले, शब्द वाचलेले लोक खरंच हळू चालले, इन्फ्रारेडवरसुद्धा.

इन्फ्रारेडवरसुद्धा, हे महत्त्वाचं आहे. म्हणजे फक्त स्टॉपवॉचचं बटण उशिरा दाबलं गेलं असं नाही. प्रयोग घेणाऱ्याच्या डोक्यातली अपेक्षा कुठल्यातरी वाटेने भाग घ्यायला आलेल्याच्या पायांपर्यंत पोचली. कशी पोचली, आवाजातून, नजरेतून, दार उघडायच्या पद्धतीतून, काय माहीत. आणि मूळ संशोधकांच्या बाजूनेही सांगायला पाहिजे, बार्ग यांचं म्हणणं होतं की आमच्या मूळ प्रयोगात घेणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे ते माहीत नव्हतं. असेल. मला त्या भांडणात पडायचं नाहीये. मला एवढंच दिसतं की दुसऱ्या प्रयोगात प्रयोग घेणाऱ्याचं ज्ञान हाच व्हेरिएबल, म्हणजे बदलून बघायची गोष्ट, बनवला आणि मग तो बोलायला लागला. मला रेप्लिकेशन असं आवडतं, जे नुसतं "झालं" किंवा "नाही झालं" सांगून गप्प बसत नाही.

आता भाग घेणाऱ्याच्या बाजूला या. लोकांना वाटतं की सहभागी म्हणजे भोळा माणूस, सांगितलं ते करेल आणि घरी जाईल. सांगितलं ते करतो हे खरंय, इतकं करतो की भीती वाटते. मार्टिन ऑर्न यांनी १९६२ च्या लेखात लिहिलंय की त्यांना असं एक काम हवं होतं जे इतकं निरर्थक असेल की लोक ते करायला नकार देतील. म्हणून त्यांनी माणसाला बेरजांचे कागद दिले, एकेका कागदावर २२४ बेरजा, आणि असे २००० कागद. घड्याळ काढून घेतलं आणि सांगितलं, करत राहा, मी येईन परत. साडेपाच तासांनी संशोधकानेच हार मानली. मग काम अजून मूर्खपणाचं केलं, प्रत्येक कागद भरून झाला की एक कार्ड उचलायचं ज्यावर लिहिलेलं असायचं की आता या कागदाचे कमीत कमी ३२ तुकडे करून फेका आणि पुढचा कागद घ्या. लोक तेही तासन् तास करत राहिले. का करताय विचारलं तर म्हणे, सहनशक्ती वगैरे तपासत असतील. म्हणजे प्रत्येकाने आपल्यापुरता एक हायपोथेसिस बनवला होता आणि त्या हायपोथेसिसमधला चांगला माणूस बनायचा प्रयत्न चालू होता.

ऑर्नचा मुद्दा हा की सहभागी माणूस संशोधकाला मदत करायलाच आलेला असतो. तुम्हाला काय हवंय हे त्याला कळलं की तो ते देतो, कधी मुद्दाम, बहुतेक वेळा नकळत. (काही जण उलटंही करतात, कळलं म्हणून मुद्दाम बिघडवतात, पण ते मला कमी दिसलेत.) म्हणून तर प्रयोगाचा खरा हेतू झाकायला दुसरी काहीतरी गोष्ट रचतात, म्हणून तर नंतर बसवून खरं काय ते सांगायचं बंधन असतं. पण ऑर्नने सुचवलेली एक साधी युक्ती आहे जी मी जवळजवळ कोणाच्याच प्लॅनमध्ये बघत नाही. प्रयोग करायच्या आधी, वेगळ्या काही लोकांना प्रयोगाचं फक्त वर्णन सांगायचं, सगळी सामग्री दाखवायची, आणि विचारायचं की तुम्ही यात असता तर काय केलं असतं. त्यांनी न करताच तुमचा अपेक्षित रिझल्ट बरोब्बर सांगितला, तर मग तुमच्या प्रयोगात तो रिझल्ट आला याने सिद्ध काय झालं? कदाचित ओळखलं त्यांनी, इतकंच. फुकटात होणारी चाचणी आहे ही, आणि कोणी करत नाही.

याच्यावरून एक डिझाइनचा प्रश्न निघतो ज्यावर मी वाद घालायला कधीही तयार असते. एकाच माणसाला दोन्ही परिस्थितीत टाकायचं की वेगवेगळी माणसं घ्यायची? विद्यार्थ्यांना एकच माणूस दोनदा वापरायला फार आवडतं कारण माणसं कमी लागतात आणि माणसा-माणसातला फरक आपोआप निघून जातो, आणि हे खरंच फायदे आहेत, नजरेने ओळखायच्या किंवा प्रतिक्रियेचा वेळ मोजायच्या कामात मीही तेच सांगीन. क्रमाचा परिणाम येईल म्हणून अर्ध्यांना आधी अ मग ब आणि अर्ध्यांना आधी ब मग अ, हेही सगळ्यांना पाठ असतं. पण क्रम उलटापालटा केल्याने सराव आणि थकवा यांचा हिशोब लागतो, ज्ञानाचा लागत नाही. मी तुम्हाला आधी एका हसऱ्या माणसाच्या फोटोखाली अर्ज दाखवला आणि लगेच तोच अर्ज दुसऱ्या, गंभीर चेहऱ्याखाली दाखवून विचारलं "याला नोकरी द्याल का", तर तुम्हाला प्रयोग कशाबद्दल आहे ते कळलं. कुठलाही क्रम असो. दुसऱ्या वेळी उत्तर देणारा माणूस तोच राहिलेला नाही, आता तो माझा हायपोथेसिस माहीत असलेला माणूस आहे. अशा वेळी माणसं जास्त लागली तरी चालतील, पण वेगवेगळीच घ्या.

गटात टाकण्याबद्दल सांगताना मला माकडांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५८ मध्ये जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या केल्या. दोघांनाही विजेचा झटका बसणार, पण एकाकडे एक दांडा होता, तो ठराविक वेळेत दाबत राहिलं तर झटका टळायचा, दोघांचाही. हा "साहेब" माकड. दुसऱ्याचा दांडा नावापुरता, त्याला साहेबाच्या नशिबाने मिळेल ते. म्हणजे झटके दोघांना अगदी सारखे, फरक फक्त जबाबदारीचा. साहेब माकडांना अल्सर झाले आणि मेली, त्यांचे जोडीदार ठीक राहिले. झालं! निर्णय घेणाऱ्या मोठ्या पदावरच्या लोकांना अल्सर का होतात याचं उत्तर मिळालं, आणि ते इतकं पटण्यासारखं होतं की लोकांनी ते उचलून धरलं.

पण साहेब कोणाला बनवलं होतं? आधीच्या चाचणीत जी माकडं दांडा भरभर दाबायला शिकली त्यांना. चिठ्ठ्या टाकून नाही. सोय म्हणून. दांडा नीट दाबेल तोच साहेब, नाहीतर दोघांनाही सतत झटके बसत राहणार, ही अडचण कळण्यासारखी आहे. पण जे माकड झटक्याला जास्त घाबरतं किंवा मुळात जास्त चुळबुळं असतं तेच भरभर दाबणार ना? मग अल्सर जबाबदारीने झाला की मुळात त्या स्वभावाच्या माकडांना तो होणारच होता? नंतर जे वाइस नावाच्या संशोधकांनी उंदरांवर असाच जोडीचा प्रयोग केला, रँडम पद्धतीने गटात टाकून, आणि निकाल उलटा आला, ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्या उंदरांना जास्त अल्सर झाले. आणि आज आपण ताणाबद्दल बोलतो तेव्हा "आपल्या हातात काही नसणं" हेच जास्त वाईट असं मानतो, म्हणजे बघा, एका निवडीमुळे अख्खं उत्तर उलटं झालं होतं.

रँडम असाइनमेंट हा विषय शिकवताना लोक म्हणतात की याने दोन्ही गट सारखे होतात. नाही होत. एखाद्या प्रयोगात नशिबाने सगळी चुळबुळी माकडं एका बाजूला जाऊ शकतात, छोट्या प्रयोगात तर सहज. रँडमचा खरा गुण वेगळा आहे, फाशाला काहीच माहीत नसतं. त्याला माकडाचा स्वभाव माहीत नाही, तुमची आशा माहीत नाही, आज कोण लवकर आला ते माहीत नाही. म्हणून जो फरक उरतो तो फक्त नशिबाचा, आणि नशिबाचा हिशोब करायला स्टॅटिस्टिक्स आहेच. १८८४ च्या सुमारास चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी वजनातला बारीक फरक माणसाला किती कळतो हे तपासताना क्रम ठरवायला पत्त्यांचा कॅट वापरला होता, ज्यांच्या नावाने ही रँडम पद्धत ओळखली जाते त्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरच्या कितीतरी आधी. पत्ते पिसा आणि पत्ता सांगेल ते करा. इतकं सोपं.

आणि तरीही मला प्लॅनमध्ये काय दिसतं, तर "पहिला विद्यार्थी अ गटात, दुसरा ब गटात, असे आळीपाळीने रँडमली". अहो, आळीपाळीने म्हणजे रँडम नव्हे! पुढचा कुठे जाणार हे दारात उभ्या असलेल्या माणसाला आधीच माहीत आहे, मग समोरून जरा झोपाळलेला कोणी आला तर "तुम्ही पाच मिनिटं बसा, आधी यांना घेते" असं सहज होतं, त्यात वाईट हेतू असायची गरजच नाही. किंवा सकाळची बॅच एक गट, दुपारची बॅच दुसरा. मग तुम्ही पद्धतींची तुलना करताय की सकाळ-दुपारची, देव जाणे.

सॅम्पल साइजवर, म्हणजे किती माणसं घ्यायची यावर, मी फार बोलणार नाही, त्यावर सगळे बोलतात. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक असेल, म्हणजे साधारण अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), तर तो ८० टक्के वेळा पकडायला एका गटात ६४ माणसं लागतात. २० घेतली तर तीनातून एकदा सापडतो. एवढंच लक्षात ठेवा आणि "गटात २० तरी असावेत असं सरांनी सांगितलंय" हे वाक्य बंद करा.

पण सॅम्पलवरूनच मी त्या शेवटच्या माणसाकडे येते ज्याच्याबद्दल बोलायला लोकांना सगळ्यात जास्त अवघड जातं, डेटा बघणारा. समजा सगळं नीट झालं, प्रयोग घेणाऱ्याला माहीत नव्हतं, भाग घेणाऱ्याला माहीत नव्हतं, गट फाशाने ठरवले. आता फाइल उघडली. गटात २० जण झाल्यावर बघितलं, पी व्हॅल्यू (मुळात काहीच फरक नसताना नुसत्या नशिबाने एवढा फरक दिसायची शक्यता) ०.०८. ०.०५ च्या खाली हवी असते. अरेरे, जवळ आलंय. अजून १०-१० घेऊया. हे इतकं निरागस वाटतं ना? पण घेऊया की थांबूया हे तुम्ही ठरवताय ते निकाल बघून. जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सिमॉनसन यांनी २०११ मध्ये दाखवलं की नुसतं एवढं केल्याने, काहीच नसताना फरक सापडायचा ५ टक्क्यांचा धोका ७.७ टक्के होतो. आणि त्याच्या जोडीला दोन मापांमधलं जे चाललं ते ठेवलं, तीन गटांतला एखादा गट सोडून दिला, स्त्री-पुरुष वेगळे करून बघितलं, असं सगळं एकत्र केलं तर जिथे काहीच नाही तिथे "काहीतरी" सापडायची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. नाणं उडवण्यापेक्षा वाईट! आणि हे पटावं म्हणून त्यांनी खऱ्या माणसांवर खरा प्रयोग करून, नेहमीच्या पद्धतीने अॅनालिसिस करून "सिद्ध" केलं की एक ठराविक गाणं ऐकल्याने लोकांचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं. तरुण वाटायला लागतं असं नाही, जन्मतारखेवरून काढलेलं वय कमी होतं. मला हा पेपर इतका आवडतो की बस, असं सरळ तोंडाने केलेलं विनोदी काम या क्षेत्रात फारसं नाही.

हे लोक खोटारडे असतात का? तेच, फॉन ओस्टेनसारखं. बहुतेक नाहीत. लबाडी शोधायला समिती बसवाल तर ती रिकाम्या हातांनी परत येईल. प्रश्न एवढाच की निवड करताना त्यांना निकाल दिसत होता. म्हणून प्रीरजिस्ट्रेशन, म्हणजे डेटा हातात यायच्या आधी लिहून, तारखेसकट कुठेतरी जमा करून टाकायचं की किती माणसं घेणार, कुठलं माप मुख्य, कोणाला वगळणार. लोक याला कागदी घोडे म्हणतात, वेळखाऊ म्हणतात, आणि काही ठिकाणी तसंच होतंही, नुसतं "आम्ही फरक तपासू" असं मोघम लिहून जमा करतात, त्याला काही अर्थ नाही. पण त्याच्या पुढची पायरी आहे रजिस्टर्ड रिपोर्ट, जिथे नियतकालिक तुमचा प्लॅन बघून, निकाल यायच्या आधीच छापायचं कबूल करतं. म्हणजे संपादकालाही निकाल माहीत नाही! अॅन शेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मोजून दाखवलं की नेहमीच्या मानसशास्त्राच्या पेपर्सच्या सॅम्पलमध्ये पहिला हायपोथेसिस ९६ टक्के वेळा खरा निघाला होता, आणि रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्के. ९६ टक्के वेळा बरोबर ठरणाऱ्या माणसाने प्रयोग करायचेच कशाला, सरळ भविष्य सांगत बसावं.

एक स्वस्त उपाय अजून, जो भौतिकशास्त्रवाले कधीपासून करतात. गटांची नावं काढून टाका, मैत्रिणीला सांगा की फाइलमध्ये फक्त "क" आणि "ख" लिहून दे आणि कुठलं काय ते मला सांगू नकोस. कोणाला वगळायचं, कुठला आकडा विचित्र आहे, हे सगळं तुम्ही त्या आंधळ्या फाइलवर ठरवा. पक्कं झालं की मग चिठ्ठी उघडा.

आता जिथे हे सगळं चालतच नाही ती जागा. गोळीचा प्रयोग असेल तर साखरेची गोळी देता येते, पण समुपदेशन, ध्यान, मेंदूला व्यायाम म्हणून खेळायचे गेम, यात माणसाला आपण काय करतोय हे माहीत असणारच. शिकवणाऱ्यालाही माहीत असणार. काही जण म्हणतात, आम्ही दुसऱ्या गटालाही काहीतरी करायला दिलं की, शब्दकोडी दिली. पण शब्दकोडी सोडवणाऱ्याला स्मरणशक्ती वाढेल अशी तेवढीच आशा असते का? वॉल्टर बूट, डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हेच विचारलं, की बाबांनो, दोन्ही गटांच्या अपेक्षा तुम्ही मोजल्यात का? मोजलेल्या नसतात. वेटिंग लिस्टवर ठेवलेला गट तर त्याहून वाईट, त्याला नक्की माहितीये की आपल्याला काही मिळालेलं नाही.

यावर २०१६ मध्ये सायरस फोरूघी आणि सहकाऱ्यांचा एक छोटासा प्रयोग आला, एकूण ५० जण. त्यांनी दोन वेगळी पत्रकं लावली. एकावर मेंदूच्या व्यायामाने बुद्धी वाढते अशा अर्थाचं आमिष, दुसऱ्यावर नुसतं अभ्यासात भाग घ्या म्हणून. दोन्हीकडून आलेल्यांनी एकच काम केलं, तासभराचं, तेवढंच. आणि आमिष वाचून आलेल्यांचे बुद्धीच्या चाचणीतले गुण ५ ते १० आयक्यूइतके वाढले, दुसऱ्यांचे वाढले नाहीत. तासाभरात! म्हणजे या क्षेत्रातले कितीतरी दावे पत्रकाच्या मजकुरात संपत असतील.

मी हा पेपर खूप जणांना देते आणि विचारते, यात काय खटकतं. बहुतेक जण ५० ही संख्या पकडतात, ठीक आहे, लहान आहेच. पण पत्रक कोणी निवडलं? ज्याने त्याने स्वतः. बुद्धी वाढेल वाचून येणारा माणूस आणि भाग घेतल्याचं क्रेडिट, म्हणजे कोर्सचे गुण, मिळेल म्हणून येणारा माणूस एकच नसतात, पुन्हा माकडांचीच गोष्ट. पहिल्या चाचणीत दोन्ही गट सारखे होते हे त्यांनी दाखवलंय, आणि ते बरं केलंय, पण चाचणीत सारखे म्हणजे आशेत सारखे असं नाही ना. मी केला असता तर सगळ्यांना एकाच साध्या पत्रकावरून बोलावलं असतं, आल्यावर प्रत्येकाला एक बंद पाकीट, आत दोनपैकी एक मजकूर, कुठला ते फाशाने ठरलेला. पाकीट हातात देणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नाही. वाचून झालं की पाकीट परत बंद. आणि पाकिटं भरणारा त्या दिवशी त्या इमारतीत नको.